सूर्यास्तापूर्वीच्या गोळ्या

घरातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांच्या औषधांचा डबा उघडला, तर त्यात पुष्कळदा दोन गोळ्या शेजारी शेजारी आढळतात. एक लघवीच्या तक्रारीसाठी, दुसरी गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या दुखण्यासाठी. पहिली एका डॉक्टरांनी दिलेली असते आणि दुसरी निराळ्याच डॉक्टरांनी. वर्धा जिल्ह्यातील ज्येष्ठांची वैद्यकीय भ्रमंती पाहिली, म्हणजे हे कसे घडते ते उमगते. आर्वीचे किंवा हिंगणघाटचे एखादे गृहस्थ लघवीसाठी सावंगी मेघे येथे जातात, हाडांसाठी नागपूर गाठतात, रक्तदाबाची गोळी सेवाग्रामहून वर्षानुवर्षे चालू असते आणि मध्येच सर्दी-खोकला झाला, तर गल्लीतील डॉक्टर आहेतच. प्रत्येक ठिकाणी नवी फाइल निघते. प्रत्येक डॉक्टरांनी आपापले औषध विचारपूर्वक लिहिलेले असते; परंतु चारही चिठ्ठ्या एकाच वेळी एका मेजावर क्वचितच येतात. त्या एकत्र येतात त्या रुग्णाच्या पोटात.

लघवीच्या गोळीचे नाव बहुधा टॅम्सुलोसिन असते. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पौरुषग्रंथी आणि व्यवहारात प्रोस्टेट म्हणतात. मूत्रनलिका या ग्रंथीच्या मधून जाते. वयाबरोबर ग्रंथी वाढते आणि नलिकेला चेपू लागते. एक्कावन्न ते साठ या वयातील सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर दहांपैकी नऊ जणांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते; त्रास मात्र सर्वांनाच होतो असे नाही. धार बारीक होणे, थांबून थांबून होणे, पूर्ण मोकळे झाल्यासारखे न वाटणे आणि रात्री दोन-तीन वेळा उठावे लागणे, ही तिची लक्षणे. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणारा व्यापारी ही तक्रार वर्षानुवर्षे कोणाजवळही काढत नाही, हा भाग निराळा. टॅम्सुलोसिन या ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेल्या स्नायूंना सैल करते. ग्रंथी लहान होत नाही, परंतु वाट मोकळी होते आणि काही दिवसांतच फरक जाणवू लागतो.

या स्नायूंना आवळून धरण्याचा निरोप ज्या द्वारांतून पोहोचतो, त्यांना अल्फा ग्राहक म्हणतात. टॅम्सुलोसिन ती द्वारे अडवते, म्हणून त्याला अल्फा-रोधक म्हणायचे. अडचण अशी, की रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही याच कुळातील द्वारे असतात. प्राझोसिन, टेराझोसिन ही या वर्गातील जुनी औषधे मुळात रक्तदाब उतरविण्यासाठीच वापरली जात. टॅम्सुलोसिन त्या मानाने प्रोस्टेटमधील द्वारे अधिक निवडून अडवते, त्यामुळे रक्तदाबावर त्याचा परिणाम कमी होतो. कमी होतो, याचा अर्थ मुळीच होत नाही असा नव्हे. चक्कर येणे हा त्याचा सुपरिचित दुष्परिणाम आहे, आणि औषध सुरू केल्यानंतरचे पहिले काही दिवस या बाबतीत विशेष जपण्याचे असतात.

दुसरी गोळी ट्रामाडॉलची. हे औषध १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले. ते अफूच्या बोंडातून काढलेले नाही, प्रयोगशाळेत तयार झालेले आहे. परंतु मेंदूत आणि मज्जारज्जूत अफूतील मॉर्फिन ज्या ठिकाणी जाऊन बसते, तेथेच हेही बसते. म्हणून ते अफूवर्गीय वेदनाशामक. आपल्याकडे ते पुष्कळदा पॅरासिटामॉलसह एकाच गोळीत मिळते, आणि ‘पॅरासिटामॉलच आहे’ अशा समजुतीने घरात वावरते. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंड, जठर आणि हृदय यांना वृद्धापकाळी मानवत नाहीत. तेव्हा दुखणे फार असल्यास डॉक्टर ट्रामाडॉलकडे वळतात. त्यांचे हे वळणे सकारण असते. टॅपेंटाडॉल हे त्याच घराण्यातील अलीकडचे औषध. काही खोकल्याच्या औषधांतील कोडीनही त्याच घराण्याचे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या दोन गोळ्या एकत्र घेतल्या जातात, तेव्हा दोन गोष्टी संभवतात. पहिली रक्तदाबाशी निगडित आहे, दुसरी लघवीशी.

माणूस झोपेतून उठून उभा राहिला, की गुरुत्वाकर्षणाने अर्धा ते एक लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरते. निरोगी शरीर क्षणार्धात पायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते, हृदयाचे ठोके थोडे वाढवते आणि मेंदूचा रक्तपुरवठा कायम राखते. हे आवळणे अल्फा द्वारांतूनच होत असते. टॅम्सुलोसिनने त्यांतील काही द्वारे अडविलेली असतात. त्यावर ट्रामाडॉलची भर पडली, की मेंदू गुंगीत असतो, तोल सांभाळण्याची क्रिया मंदावलेली असते आणि रक्तदाबही आणखी उतरू शकतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर वैद्यकशास्त्र त्याला उभे राहताना होणारी रक्तदाबाची घसरण म्हणते. त्यातच मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, किंवा लघवी वाढविणारी गोळी त्यांत असेल, तर ही घसरण अधिक तीव्र होते. वर्ध्याचा मे महिना तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात, आणि तरुण माणसालाही उठताना अंधारी येते.

आता ही घटना घडते केव्हा, हे पाहावे. प्रोस्टेटच्या रुग्णाला रात्री उठावे लागते. अंधार असतो, झोप पूर्ण उडालेली नसते, लघवीची घाई असते, न्हाणीघराची फरशी ओली असते. शिवाय लघवी करून झाल्यावर काही जणांचा रक्तदाब आपसूकच एकदम खाली येतो. रक्तदाब घसरण्याची सर्व कारणे अशी एकाच क्षणी जमा होतात. अशा वेळी पडलेल्या सत्तरीच्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि पुढील कित्येक महिन्यांचे परावलंबन ओढवते. पुष्कळ घरांत अशा पडण्याचे खापर वयावर किंवा फरशीवर फुटते. तीन दिवसांपूर्वी सुरू झालेल्या गोळीची आठवण कोणालाच होत नाही.

जैन कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि बाहेरच्या डॉक्टरांना तो ठाऊक असेलच असे नाही. ज्यांच्याकडे चौविहार पाळला जातो, त्या घरी सायंकाळचे भोजन, पाणी आणि औषधे सूर्यास्तापूर्वी आटोपतात. डॉक्टरांनी ‘रात्री एक’ असे लिहिलेले असते. ज्येष्ठ मंडळी ती रात्रीची गोळी सायंकाळच्या इतर गोळ्यांबरोबर घेऊन मोकळी होतात. रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि दुखण्याची अशा तिन्ही गोळ्या एकाच घोटात जातात. टॅम्सुलोसिन सावकाश विरघळणाऱ्या स्वरूपात दिले जाते. जेवणानंतर घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण सहा ते सात तासांनी सर्वोच्च होते. सहा वाजता घेतलेली गोळी अशा रीतीने मध्यरात्री ते एक या वेळेत पूर्ण जोरावर असते, आणि रात्रीचे पहिले उठणे पुष्कळदा त्याच सुमाराचे. सूर्यास्तही वर्षभर एका वेळी होत नाही. वर्ध्यात डिसेंबरात तो साडेपाचच्या सुमारास, तर जूनमध्ये सातच्या आसपास होतो. गोळीची वेळही त्याबरोबर सुमारे दीड तास पुढेमागे सरकते.

सूर्यास्तानंतर पाणी घ्यायचे नाही, म्हणून कित्येक जण त्याआधी दोन-तीन तांबे पाणी भराभर पिऊन घेतात. उन्हाळ्यात तर हे स्वाभाविकच. ते पाणी रात्रीच्या पूर्वार्धात मूत्राशयात उतरते आणि उठण्याच्या फेऱ्या वाढतात. हेच पाणी सकाळपासून दुपारपर्यंत विभागून घेतले आणि सायंकाळी बेताने घेतले, तर नियमाला बाध येत नाही आणि रात्रही थोडी निवांत जाते. टॅम्सुलोसिन सकाळच्या नाश्त्यानंतर घेता येईल काय, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे. युरोपातील देशांत ते न्याहारीनंतर घ्यावे असेच सांगितले जाते. रोज त्याच भोजनानंतर सुमारे अर्ध्या तासाने घेणे, ही यातील महत्त्वाची गोष्ट. नवकारशी पाळणाऱ्यांनाही सकाळची वेळ सोयीची पडते. मात्र हा बदल डॉक्टरांना चौविहाराची कल्पना देऊन, त्यांच्या संमतीनेच करावयाचा. ‘रात्री जेवत नाही, पाणीही घेत नाही’ हे वाक्य तपासणीच्या वेळी आवर्जून उच्चारले पाहिजे.

उपवासाची गोष्ट याहून नाजूक. टॅम्सुलोसिन रिकाम्या पोटी घेतले, तर भोजनानंतर घेण्यापेक्षा रक्तातील त्याचे एकूण प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी आणि सर्वोच्च पातळी ४० ते ७० टक्क्यांनी वाढते. शिवाय ती पातळी लवकर, म्हणजे चार-पाच तासांतच गाठली जाते. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात ज्येष्ठ श्रावक केवळ उकळलेल्या पाण्यावर उपवास करतात, आणि गोळी चुकू नये या सद्भावनेने तीही पाण्याबरोबर घेतात. शरीरात पाणी कमी, पोटात अन्न नाही, औषधाची पातळी मात्र वाढलेली, अशी ती अवस्था असते. तिच्यात ट्रामाडॉलची भर पडली, तर मळमळ आणि चक्कर ठरलेलीच. उलट अठ्ठाईसारख्या सलग तपश्चर्येत गोळी आठ दिवस बंद ठेवली आणि पारण्याच्या दिवशी एकदम सुरू केली, तर पहिल्या मात्रेचा परिणाम पुन्हा नव्याने जाणवू शकतो. ज्यांनी दोन गोळ्या घ्यायला सुरुवात केली होती, त्यांना खंडानंतर पुन्हा एकापासूनच सुरुवात करावी लागते. तपश्चर्येचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांची भेट घेणे म्हणूनच शहाणपणाचे. एकासना करणाऱ्यांना त्या एकाच भोजनानंतर गोळी घेता येते, हे त्यातल्या त्यात सोपे.

औषधाच्या आवरणाचा प्रश्नही घरोघरी निघतो. टॅम्सुलोसिन पुष्कळदा कॅप्सूलमध्ये येते, आणि कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. हे कळल्यावर काही जण कॅप्सूल उघडून आतील दाणे पाण्याबरोबर किंवा साखरेत मिसळून घेतात. भावना समजण्यासारखी आहे. कृती मात्र धोक्याची. ते दाणे सावकाश विरघळावेत म्हणून विशिष्ट रीतीने बनविलेले असतात. चावले किंवा कुटले गेले, की दिवसभराचे औषध थोड्याच वेळात रक्तात उतरते. हेच औषध गोळीच्या रूपातही मिळते, आणि वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही बनतात. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला स्पष्ट सांगितले, तर पर्याय निघू शकतो. तीही गोळी कुटू नये.

पुष्कळ रुग्णांना टॅम्सुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड दिलेले असते; दोन्ही एकाच कॅप्सूलमध्येही येतात. ड्युटास्टेराइड ग्रंथीला कित्येक महिन्यांत हळूहळू आकसवते, आणि ट्रामाडॉलशी त्याचे मोठे वैर नाही. परंतु ते त्वचेतून शरीरात शिरते. गर्भवती स्त्रीच्या हाताला फुटलेल्या कॅप्सूलमधील औषध लागले, तर पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत व्यंग येऊ शकते. आजोबांच्या गोळ्या काढून देणे हे काम घरातील सुनेकडे असते. ती गर्भवती असेल, तर या कॅप्सूलला तिने हातच लावू नये, आणि चुकून लागलाच तर तो भाग लगेच साबण-पाण्याने धुवावा.

रक्तदाबाविषयी इतके पुरे. लघवीचे काय होते, ते आता पाहावे. ज्या त्रासासाठी पहिली गोळी दिली, तोच त्रास दुसरी गोळी वाढवू शकते. अफूवर्गीय औषधे मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करतात, तोंडाशी असलेली पकड घट्ट करतात आणि मूत्राशय भरल्याची जाणीवच बोथट करतात. निरोगी मनुष्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. परंतु जेथे वाट आधीच चेपलेली आहे, तेथे एवढे निमित्त पुरते, आणि लघवी पूर्ण तुंबते. या औषधांनी होणारा बद्धकोष्ठ त्यात आणखी भर घालतो. साचलेला मळ मूत्राशयाच्या तोंडावर मागून दाब देतो. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचे औषधही असाच अडथळा आणते. सर्दी, दुखणे आणि प्रोस्टेट या तिन्हींची औषधे एकाच आठवड्यात घेतलेल्या वृद्धाची लघवी अडली, तर त्यात नवल काहीच नाही.

तुंबलेल्या लघवीचे दुखणे सहसा असह्य असते, त्यामुळे ते लपत नाही. ट्रामाडॉल घेणाऱ्यात मात्र दुखणेच दडपलेले असते. अशा वेळी थेंब थेंब लघवी होत राहते आणि घरच्यांना वाटते, होते आहे. ओटीपोट घट्ट, फुगलेले लागते. रुग्ण अस्वस्थ होतो, असंबद्ध बोलू लागतो, आणि लोक त्याला ‘वयाचे चाळे’ म्हणून सोडून देतात. मूत्रपिंडांवर मागे दाब येऊन त्यांचे काम मंदावले, तर ट्रामाडॉलपासून शरीरात तयार होणारा प्रभावी घटक बाहेर पडेनासा होतो. कारण त्याची बाहेर जाण्याची वाट मूत्रपिंडातूनच आहे. तो साचत गेला, की गुंगी वाढते आणि लघवी आणखी अडते. म्हणूनच पंचाहत्तरीपुढील रुग्णांत ट्रामाडॉलची मात्रा कमी ठेवतात, आणि मूत्रपिंडे दुबळी असल्यास दोन मात्रांमधील अंतर वाढवितात.

दोन्ही औषधे यकृतात पचतात, आणि दोघांच्या पचनात एका समान विकराचा हात असतो. या विकराचा शोध लागला तो एका विलक्षण प्रसंगाने. १९७५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाचे डेब्रिसोक्विन हे औषध प्रयोगादाखल स्वतःच घेतले. सहकाऱ्यांना फारसे काही झाले नाही. स्मिथचा रक्तदाब मात्र इतका कोसळला, की त्याला उभे राहता येईना. तपासात आढळले, की ते औषध पचविणारा विकर त्याच्या शरीरात काम करीत नाही, आणि हा जन्मजात भेद आहे. असे लोक भारतात युरोपच्या मानाने कमी आहेत, पण आहेत. त्यांच्यात ट्रामाडॉलचे प्रभावी रूप पुरेसे तयार होत नाही, म्हणून गोळी लागू पडत नाही. ‘एकाने भागत नाही’ म्हणून दोन घेण्याचा मोह अशांनाच अधिक होतो.

टॅम्सुलोसिन आणि ट्रामाडॉल हे या विकरासाठी एकमेकांशी फार मोठी झुंज घेत नाहीत. बिघाड करते ती तिसरी गोळी. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे या विकराला जवळजवळ बंद पाडतात. तेव्हा टॅम्सुलोसिन साचते, ट्रामाडॉलने वेदना कमी होत नाही, आणि या औषधांच्या ट्रामाडॉलशी झालेल्या संयोगातून थरथर, ताप, झटके असे गंभीर प्रकारही उद्भवू शकतात. पावसाळ्यात विदर्भात गजकर्ण बोकाळते आणि त्यावर इट्राकोनॅझोल दिले जाते. ते दुसऱ्या एका विकराला अडवून टॅम्सुलोसिनची पातळी कितीतरी वाढवू शकते. या वर्गातील किटोकोनॅझोलने ती जवळजवळ पावणेतीनपट झाल्याची नोंद आहे. छातीच्या संसर्गासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिनही त्याच गुणाचे. त्वचारोगतज्ज्ञांना प्रोस्टेटची गोळी सांगावी, असे कोणाच्या मनात तरी येते काय? आणि झोपेची गोळी ट्रामाडॉलबरोबर घेतली, तर श्वासच मंदावण्याचा धोका असतो. ती दोन्ही डॉक्टरांना कल्पना दिल्यावाचून एकत्र घेऊ नयेत.

समाजातील कित्येक कुटुंबांचा व्यवसायच औषधविक्रीचा आहे, म्हणून कायद्याची बाजूही येथे नोंदविली पाहिजे. ट्रामाडॉल १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आणले गेले. ‘ओळखीचे काका आहेत, मागच्या वेळी हीच नेली होती’ एवढ्यावर स्ट्रिप काढून देणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय ज्या एका ठिकाणी चारही चिठ्ठ्या एकत्र दिसू शकतात, ते ठिकाण म्हणजे हे दुकान. सर्व औषधे एकाच दुकानातून घेणारा रुग्ण आणि गिऱ्हाइकाच्या चालू गोळ्या विचारणारा दुकानदार ही जोडी पुष्कळ अनर्थ टाळू शकते.

नावांचा घोळ हाही मोठा अडसर. एकच टॅम्सुलोसिन बाजारात अनेक व्यापारी नावांनी मिळते. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिले, तर दुप्पट मात्रा पोटात जाते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. त्या संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात औषध मूळ नावाने लिहून स्वस्तात देण्यावर भर राहिला आहे. पैशांची बचत हा त्याचा एक लाभ. चिठ्ठी वाचल्याबरोबर पोटात काय जाते आहे ते कळते, हा दुसरा. घरी यादी करताना स्ट्रिपवरील बारीक अक्षरांतील मूळ नावच उतरवावे. व्यापाऱ्याच्या घरात रोजमेळ लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची असते. तशीच एक वही औषधांसाठी ठेवावी. औषधाचे मूळ नाव, मात्रा, कोणी दिले, कोणत्या तारखेला सुरू झाले, केव्हा घ्यायचे आणि केव्हा बंद झाले, एवढे रकाने पुरेत. ती प्रत्येक डॉक्टरांसमोर उघडावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तर टॅम्सुलोसिनची नोंद दाखविलीच पाहिजे. या औषधाने डोळ्यातील बाहुलीचा पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी लुळा पडतो, हे २००५ मध्ये लक्षात आले, आणि आधी कल्पना असेल तर शल्यविशारद त्याची तयारी ठेवतात.

हे सारे वाचून कोणी दुखण्याची गोळी फेकून देऊ नये. तीव्र वेदना सोसत पडून राहणाऱ्या वृद्धाची हालचाल थांबते, झोप जाते, आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत. कर्करोगाच्या वेदनेत तर अफूवर्गीय औषधांना पर्याय नसतो. ती रुग्णांना सहज मिळावीत म्हणून २०१४ मध्ये कायदाही सैल करण्यात आला. अशा रुग्णाला प्रोस्टेटचा त्रास असला, तरी दोन्ही औषधे एकत्र देता येतात. फक्त देणाऱ्याला दोन्ही ठाऊक हवीत. नव्याने सुरुवात करताना कमीत कमी मात्रा घ्यावी, दोन्ही औषधे एकाच दिवशी सुरू करू नयेत, बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून असावे, आणि साध्या दुखण्याला नुसते पॅरासिटामॉल पुरते काय हे आधी पाहावे, हा सर्वसाधारण क्रम. ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची जोडगोळी चालू असताना तापासाठी वेगळे पॅरासिटामॉल घेऊ नये. पुष्कळ दिवस घेतलेले ट्रामाडॉल एकाएकी बंद करणेही योग्य नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरत्या क्रमाने थांबवावे लागते.

घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते. त्याचा उपयोग येथे होतो. नवे औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वडीलधाऱ्यांना पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तर ते आकडे डॉक्टरांना कळवावेत. रात्री उठताना आधी अंथरुणातच पाय हलवावेत, मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे. न्हाणीघरापर्यंत मंद दिवा असावा. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. यात कमीपणा काही नाही. पहिले काही दिवस पलंगाजवळ भांडे ठेवले, तर चालण्याची पाळीच येत नाही. औषधाने काही विपरीत घडले असे वाटल्यास भारत सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर ते कळविता येते. रुग्णाच्या घरचेही कळवू शकतात.

आणि लघवी मुळीच होईनाशी झाली, किंवा ओटीपोट फुगून नुसते थेंब येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. मोकळे होईल या आशेने भरपूर पाणी पाजणे, जवाचे पाणी देणे, पोट शेकणे यांत वेळ दवडू नये. पाण्याने मूत्राशय आणखी ताणले जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्यावे. तेथे बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करतात आणि आराम लगेच पडतो. त्यानंतर अल्फा-रोधक औषध काही दिवस देऊन नळी काढून पाहतात. ज्या औषधाने अडथळा आणला ते थांबविले असेल, तर लघवी पूर्ववत होण्याची शक्यता चांगली असते. निघताना औषधांचा डबा जसाच्या तसा सोबत घ्यावा, रिकाम्या स्ट्रिपदेखील, आणि गेल्या दोन-चार दिवसांत कोणती गोळी नव्याने सुरू झाली, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.